सायकलची गोधडी

आज सकाळी कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली पांढरी झाली. यंदा पहिल्यांदाच. काल संध्याकाळी केस विंचरताना तेल पातळ होतं. आज बाटली उपडी केली तर थेंब पडेना. मी ती पदरात गुंडाळून चुलीपाशी बसले, तेवढ्यात आतल्या खाटेवरून ह्यांचा आवाज आला, "गोठलं काय वं?"

उजवं अंग गेलं तेव्हापासून ह्यांची जीभ जड झाली आहे. पाणी मागितलं तरी मला दोनदा विचारावं लागतं. पण हे एवढं मात्र स्वच्छ येतं. दर हिवाळ्यात, तेल गोठलं त्या सकाळी, हे विचारतातच. कसं कळतं कोण जाणे. नाकाला कळत असेल, नाहीतर सांध्यांना.

"हो, गोठलं," मी म्हटलं.

"मंग चिमटा पाह्य बरं. दबते काय?"

पडवीत ह्यांची जुनी सायकल उभी आहे. चिमटा म्हणजे सायकलचे पुढचे दोन पाय, ज्यांच्यामध्ये चाक बसतं. साध्या सायकलचा चिमटा सरळ लोखंडाचा असतो. खड्डा आला की तो खड्डा जसाच्या तसा वर हातात पोचवतो. आमच्या सायकलचा चिमटा तसा नाही. त्याच्या पायांत नळीत नळी आहे आणि आत स्प्रिंग आहे. हँडलवर भार टाकला की तो खाली जायचा आणि हळूच वर यायचा. थंडीत मात्र त्याचं काही खरं नसायचं.

मी लगेच उठले नाही. गुडघे सकाळी वळत नाहीत. चुलीत तुराट्या सारत बसून राहिले. धूर डोळ्यात गेला. बाहेर धुकं होतं आणि शेजारच्या नव्या घराचा दिवा धुक्यात पिवळा दिसत होता. हुडकेश्वरात आता सगळीकडे नवी घरं झाली आहेत. आमची तूर उभी असायची तिथे प्लॉट पडले. मी तुराट्या सारत होते आणि मला ती थंडी आठवत होती. शालूच्या पायाची थंडी.

शालू आमची मुलगी. तेव्हा शाळेत जायच्या वयाची झाली होती, पण शाळेत गेली नव्हती, कारण दिवाळीच्या आधीच तिचा गुडघा सुजला. आधी वाटलं पडली असेल. हळदीचा लेप लावला, रुईचं पान गरम करून बांधलं. सूज उतरली नाही. पोरगी झोपेत कण्हायची. शेवटी हे तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही गेले. डॉक्टर म्हणाले, हाडाचा टीबी आहे. पायाला पलस्तर घातलं. रोज सुई घ्यायची, नागा पडू द्यायचा नाही. आणि गुडघ्याला हिसके बसू देऊ नका, नाहीतर सांधा जाईल आणि पाय जन्मभर काठीसारखा राहील.

दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. गावात सुई देणारं कोणी नव्हतं. रिक्षा आमच्यापर्यंत येत नसे. बैलगाडीने नेलं तर हिसके जास्तच. म्हणून मग सायकल. ह्यांचं शहरात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, रोज जाणं होतंच. ह्यांनी पुढच्या दांडीवर कापूस भरलेली गादी बांधली आणि हँडलपासून दांडीपर्यंत एक फळी बसवली. शालू गादीवर बसायची, तिचा पलस्तरातला पाय फळीवर लांब पसरलेला. मी मागे कॅरिअरवर. वळण आलं की हे खाली उतरायचे आणि सायकल हाताने वळवायचे, तिचा पाय फळीसकट हलू नये म्हणून. चढ आला की मी उतरून मागे चालायची.

आमचा रस्ता म्हणजे काळ्या मातीचा. पावसाळ्यात त्याच्यात गाड्यांची चाकं रुततात, खोल चाकोऱ्या पडतात. हिवाळ्यात त्याच चाकोऱ्या विटेसारख्या घट्ट होतात. पुढे खडीचा तुकडा, मग नाला, मग पुन्हा खडी, आणि नंतर कुठे डांबर लागायचं. त्या सायकलचा प्रत्येक हिसका चिमट्यातून हँडलला, हँडलमधून फळीला आणि फळीतून शालूच्या गुडघ्याला. मागे बसून मला तिचं तोंड दिसत नसे. ह्यांची पाठच दिसे, शालीत गुंडाळलेली. पाठ आखडली की मला कळायचं, पुढे चाकोरी आहे. मग चाक आपटायचं आणि पुढून शालूचं रडणं ऐकू यायचं. असा सगळा रस्ता.

एके दिवशी सकाळी तिने घरातला खांब दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"मी नाई येत. मले सुई नोको."

"येजो वं माय, डॉक्टर रागावते," हे म्हणाले.

"सुई नाई दुखत. सायकल दुखते!"

हे खाली बसले. तिची बोटं सोडवायला हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. त्या दिवशी नागा पडला. हे एकटेच दुकानात गेले. मी दिवसभर दारात बसून होते. पोरगी खांबाशीच झोपी गेली. मी तिला उचललंही नाही. अंगात बळ नव्हतं असं नाही, पण कुठे उचलून न्यायचं तेच कळेना.

संध्याकाळी हे आले तेव्हा हँडलला एक लोखंडी चिमटा टांगलेला होता. कामठीच्या एका भंगारवाल्याकडून आणलेला, कुठल्यातरी लहान फटफटीचा. गंजलेला, एका बाजूला पोचा आलेला. शालू त्याच्याकडे पाहून म्हणाली, "हे काय आणलं गा बाबा?"

"तुह्या पायासाठी गादी."

"लोखंडाची?"

"लोखंडाचीच. पाहजो तू."

वेल्डिंगवाल्याकडून तो चिमटा सायकलला बसवून घेतला. सायकल पुढून उंच झाली, एखादी बाई टाचा उंचावून चालते तशी दिसायला लागली. ह्यांचा एक ओळखीचा माणूस कन्हानकडच्या कोळशाच्या खाणीत होता, त्याने यंत्राचं ग्रीस दिलं होतं. हे म्हणाले, खाणीत एवढाल्या मशिनी ह्याच्यावर चालतात, आपला चिमटा काय चीज आहे. नळ्यांमध्ये ग्रीस ठासून भरलं. दुपारी अंगणात मला हँडलवर भार टाकायला लावला. चिमटा खाली गेला, वर आला. मी चक्क हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन, कारण शालू माझ्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यातून निघालो. चाकोरी आली आणि चिमटा तसाच. टक्. लोखंडावर लोखंड. पुढून शालूचं रडणं.

परत येताना मात्र उन्हं होती आणि तोच चिमटा लोण्यासारखा. हे रस्त्यात थांबले, चिमट्याला हात लावला, आकाशाकडे पाहिलं. "थंडीनं घट्ट होते गा हे," ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. जेवताना बोलायचे तर ग्रीसबद्दल. भाकर मोडताना बोटांमध्ये तिचा तुकडा चुरडून पाहायचे, जणू तेही वंगण आहे. घासलेटने नळ्या धुतल्या, नवं ग्रीस कमी भरलं. पहाटे पुन्हा टक्. खरं तर आमच्याकडे तेव्हा थंडीच फार पडली होती. पाण्याच्या माठाला हात लावला की बोटं दुखायची. तुरीच्या पानांवर पांढरं दिसायचं. पहाटे गावाच्या टोकाला माणसं शेकोटी करून बसलेली असायची, आणि आम्ही तिघं एका सायकलवर त्यांच्यासमोरून जायचो तेव्हा मी पदर पार नाकापर्यंत ओढून घ्यायची. मला माणसांसमोरून जायचं म्हणजे जिवावर यायचं. अजूनही येतं.

दवाखान्यातही तसंच. सुईच्या खोलीबाहेर बायकांची रांग लागायची. खिडकीतली सिस्टर नाव विचारायची आणि माझ्या तोंडून आवाज निघत नसे. शालूच ओरडून सांगायची, "शालू नामदेव! गुडघ्याची!" सगळे हसायचे. सिस्टरही हसायची. ती तिला गुडघ्याची शालू म्हणायला लागली. सुई घेताना शालू रडत नसे. सुई झाली की आम्ही दोघी आवारातल्या कडुनिंबाखाली बसायचो, दुपारी हे दुकानातून घ्यायला येईपर्यंत. मी पदराच्या पालवात बांधून आणलेली भाकर आणि सोल्याची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, भाजी काढायची. शालू पलस्तरावर काडीने चित्रं काढायची. एकदा तिने सायकल काढली आणि सायकलच्या पुढच्या चाकाला तोंड काढलं, रडणारं.

मग तो खोबरेलचा दिवस आला.

ह्यांच्या दुकानाशेजारी न्हाव्याचं दुकान होतं. दुपारी तिथे तेलाची बाटली खिडकीतल्या उन्हात होती, आणि हे सांगत होते त्याप्रमाणे, तेल बाटलीत पाण्यासारखं डुलत होतं. ह्यांना वाटलं, ग्रीस घट्ट आहे म्हणून गोठतं, तर पातळ तेल घालावं. आमच्या घरात तेव्हा डोक्याला तिळाचं तेल असायचं. खोबरेल मी नुकतंच पहिल्यांदा आणवलं होतं, शालूच्या केसांसाठी, आणि ते कोनाड्यात माझ्या फणीशेजारी असायचं. पुरुषाचं लक्ष तिथे कशाला जाईल? न्हावी बिचारा दिवसभर डोकी चोळायचा, पण त्याचं दुकान उघडायचं ऊन वर आल्यावर. दोघांपैकी कोणालाच पहाटेचं खोबरेल माहीत नव्हतं. दुपारच्या उन्हात दोघांनी नळ्या पुसल्या, खोबरेल ओतलं, दाबून पाहिलं. चिमटा असा सरसर गेला म्हणे की न्हावी म्हणाला, "नामदेवभाऊ, हे तं झुला झाला."

त्या सकाळी आम्हाला उशीर झाला होता. अंधारातच घाईने निघालो. कॅरिअरवर बसल्यावर मला वास आला, नव्या नवरीच्या डोक्यासारखा.

"अजी, हा कशाचा वास येऊन राहिला?"

"आज सायकलनं डोकं धुतलं," हे खुशीत म्हणाले. शालू हसली.

मग चाकोऱ्या लागल्या. मी दात दाबून बसले. ह्यांची पाठ आखडली. टक् झालं की नाही हे मला नीट कळलं नाही, कारण चाकाखाली माती चुरडत होती आणि वारा कानात होता. पण पुढून रडणं आलं नाही.

"कसा हाय वं रस्ता?" ह्यांनी विचारलं. थंडीने बधिर झालेल्या हातांना काही कळत नसावं.

"नरम हाय, बाबा."

ह्यांची पाठ सैल पडली. पुढची चाकोरी. "आता?" "नरम हाय, बाबा." नाल्यात उतरलो, चढलो. "आता वं?" थोडा वेळ गेला. "नरम हाय." हे पायडल मारता मारता गुणगुणायला लागले. गुणगुणणारा माणूस नाही हा. मला मागे बसून डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही, कोणाला दिसणार होतं?

दवाखान्याच्या आवारात शालूला उतरवताना पाहिलं तर तिच्या अंगावरच्या शालीचा कोपरा ओला चिंब. चावून चावून त्याचे दोरे निघाले होते. तिच्या खालच्या ओठावर दातांचा वण उमटला होता. तिने मान खाली घातली. मी चिमट्याकडे पाहिलं. जिथे आतली नळी बाहेरच्या नळीत शिरते तिथे पांढरं कडं जमलं होतं. मी नखाने खरवडलं. साजूक तुपासारखी घट्ट पांढरी कणी नखात आली. मी ह्यांच्यापुढे बोट धरलं.

"हे खोबरेल हाय, अजी. हे थंडीत गोठते. घरच्या बाटलीचंबी गोठलं."

ह्यांनी हँडल दोन्ही हातांनी धरून दाबलं. चिमटा तसूभर हलला नाही. पुन्हा दाबलं. मग हँडल सोडून शालूपुढे बसले.

"दुखत होतं तं सांगितलं काहून नाई वं?"

शालूने ह्यांच्या टोपीवरचं दव बोटाने पुसलं. हे तिथेच बसून राहिले. येणारेजाणारे बाजूने जात होते. मला लाज वाटत होती आणि तरी मी त्यांना उठा म्हटलं नाही.

त्यानंतर ह्यांनी जे केलं ते सगळं गाव हसेल असंच केलं. गावात गयाबाईकडे शिवणाची मशीन होती, तिच्याकडून मशीनचं तेल आणलं. ते थंडीत गोठत नसे, पण नुसतं तेच घातलं तर परतताना उन्हात चिमटा बेडकासारखा उडायचा, आणि उडणंही गुडघ्याला बरं नव्हे. मग थोडं ग्रीस, थोडं तेल, असं कालवून कालवून हे दोन्ही वेळा चालेल असं काहीतरी करायला लागले. सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं, आणि मधलं काहीतरी सापडेपर्यंत घरातल्या वाट्या ग्रीसने भरल्या. आणि सायकल रात्री पडवीत ठेवायचं बंद केलं. ती घरात, पुढचं चाक चुलीकडे करून. माझ्या जुन्या लुगड्याचे तुकडे जोडून मी चिमट्याच्या दोन्ही पायांना गोधडीसारखे जाड पायमोजे शिवले, टाके घालून, वर नाडी. वारा लागू नये आणि धूळही जाऊ नये म्हणून.

शालू खूश. "सायकलले सॉक्स! बाबा, आता हिले स्वेटर पायजे."

शेकोटीवरच्या माणसांना तर विषयच मिळाला.

"काय गा नामदेव, सायकलले सर्दी झाली काय?"

"अबे, घरवालीच्या अंगावर धड लुगडं नाई अन् सायकलले गोधडी शिवली लेकाच्यानं!"

"तुमी शेका बावा," हे न थांबता म्हणायचे. "माह्या सायकलले ड्युटी हाय."

एकदा शेकोटीवरचा सर्वांत म्हातारा माणूस उठून आला. सायकल थांबवली. त्याने चिमट्यावरची गोधडी चाचपली, शालूच्या पलस्तराला हात लावला आणि परत जाऊन बसला. त्यानंतर कोणी थट्टा केली नाही. उलट कधी कधी आम्हाला यायला उशीर झाला तर एखादा हाक मारून विचारायचा, "आज ड्युटीवर लेट काहून?"

आणि मग रोजचं ते सुरू झालं, ज्याने मी त्या हिवाळ्यात पार थकून गेले. मी आधी उठायची. चूल पेटवायची, पण भाकरीसाठी नाही. चिमटा शेकण्यासाठी. निखारे थोडे पुढे ओढायचे, फार नाही, नाहीतर वंगण वाहून जाईल. नळीला तळहात लावून पाहायचं, लहान लेकराच्या अंघोळीचं पाणी पाहतात तसं. मग उभं राहून हँडलवर भार टाकायचा. खाली जाऊन हळूच वर आला म्हणजे ठीक. मग ह्यांना हाक. हेही येऊन दाबायचे, माझ्यावर विश्वास नसल्यासारखे. मग शालूला उठवायचं, तिचं तोंड पुसायचं, गोधडीत गुंडाळायचं, बाहेर काढायचं. बाहेर पडलो की थंडी लगेच लोखंडावर बसायची. दवाखाना येईपर्यंत चिमटा गार व्हायचा, पण चाकोऱ्या गावाजवळच होत्या, तेवढ्यापुरती ऊब पुरायची. एवढ्यासाठी ते सगळं. गावाजवळच्या तेवढ्या चाकोऱ्यांसाठी.

चुलीपुढे बसल्या बसल्या मला डुलकी लागायची. एकदा पदर निखाऱ्याला लागून जळला. हाताला ग्रीसचा वास जायचा नाही, भाकरीला यायचा. शालू म्हणायची, "आई, आज सायकलची भाकर केली काय?" परतल्यावर शेतात तुरीच्या कापणीला जायचं असायचं तर पाय ओढत जायची. त्या हिवाळ्यात मी कोणाशी धड बोलले नाही असं गयाबाई नंतर म्हणाली. बोलायला काही नव्हतंच माझ्याकडे. थंडी किती आहे, चिमटा दबतो की नाही, एवढंच. ही माणसाला सांगायची गोष्ट आहे का?

पण रस्त्यावर हे विचारायचे, "कसा हाय वं?" आणि पुढून उत्तर यायचं, "नरम हाय, बाबा." खोबरेलच्या दिवसानंतर ह्यांनी तिला शपथ घातली होती, दुखलं तर सांगायचं. ती म्हणाली होती, सांगीन. म्हणून आम्ही ते उत्तर खरं धरलं. ते उत्तर ऐकलं की मागे कॅरिअरवर मला वाटायचं, पहाटेचं उठणं कामी आलं.

बोरं पिकली, संपली. संक्रांत गेली. शेवटी ऊन तापायला लागलं आणि चुलीची गरज राहिली नाही. दवाखान्यात पलस्तर कापलं तेव्हा आतून तो पाय केवढासा निघाला, वाळलेल्या शेंगेसारखा. गुडघा सगळा वळत नव्हता, पण वळत होता. डॉक्टर म्हणाले, सांधा वाचला. सिस्टर खिडकीतून ओरडली, "गुडघ्याची शालू, आता तुझं नाव बदलायचं हं!" शालू पुढच्या वर्षी शाळेत गेली. मी चौथी शिकले होते, ती मॅट्रिक झाली. आता कन्हानला असते, सासरी, आणि तिथल्या बालवाडीत मुलांना शिकवते. पायऱ्या चढताना तो पाय थोडा मागे राहतो. बाकी कोणाला कळतही नाही.

ह्यांनी मात्र तो चिमटा कधी काढला नाही. सायकल जड झाली होती, पुढून उंच होती, लोक हसायचे. दुकानात गिऱ्हाईक आलं की हे तिच्याकडे बोट करून सांगायचे, थंडीत ग्रीस कसं घट्ट होतं, तेल कसं उडतं, मधलं काय घालायचं. ऐकणाऱ्याला त्याचं काही नसायचं. त्याला पंक्चर काढून हवं असायचं. आता आमचा रस्ता डांबरी झाला आहे. शालू येते ती ऑटोतून येते, तिचा लेक मांडीवर झोपलेला असतो आणि आमच्या दारापर्यंत त्याला जाग येत नाही. चाकोऱ्या कुठे होत्या ते मलासुद्धा नीट दाखवता यायचं नाही.

मागच्या संक्रांतीला शालू आली होती. आम्ही दोघी अंगणात उन्हाला तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. हे आत झोपले होते. पडवीतल्या सायकलकडे पाहून ती म्हणाली, "अजून हाय का ही?"

"काढू देत नाईत तुहे बाबा."

ती हसली. मी सहजच विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. "आठवते काय वं तुले ते?"

"आठवते ना. लय दुखे."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "खोबरेलच्या दिवशी ना?"

"रोजच दुखे, आई."

"चिमटा नरम असला तरी?"

"तेव्हा कमी दुखे. पण दुखे. गुडघाच सडून राहिला होता, कसा दुखणार नाई?"

"मंग तू नरम हाय, नरम हाय काहून म्हने? तुले तं शपथ होती."

ती शेंगा सोलत राहिली. दाणे वाटीत टाकत राहिली. मग म्हणाली, "तू अंधारात चुलीपाशी सायकल दाबून पाहे. मी गोधडीतून पाहत राहत होती. तू दाबे, मंग बाबा दाबे. चिमटा खाली गेला का तुमी दोघं एकमेकांकडे पाहून हासत होते." वाटीतला किडका दाणा तिने काढून फेकला. "पुऱ्या दिवसात तेवढंच हासत होते तुमी."

तिने माझ्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडे ओढून घेतल्या, कारण माझे हात थांबले होते.

तेव्हापासून वर्षभर मी ते मनात फिरवते आहे. आधी वाटलं, मग ते सगळं कशाला होतं? ती पहाट, तो जळलेला पदर, ते कालवलेलं वंगण. मग वाटलं, कमी दुखे म्हणाली ना, तेवढं तरी झालं. कधी वाटतं, एवढीशी पोर, पाय पसरून दांडीवर बसलेली, पुढे सगळं धुकं, आणि ती मागे बसलेल्या दोन मोठ्या माणसांना सांभाळत होती. ह्यांना मी हे सांगितलं नाही. सांगणारही नाही.

"अवं," आतून पुन्हा आवाज आला. "पाहिलं काय?"

मी भिंतीला धरून उठले. पडवीत गेले. सायकल धुळीने माखलेली. माझ्या लुगड्याचे ते पायमोजे कधीच कुजून गेले, एका नळीला फक्त नाडी अडकून राहिली आहे. नळीत नळी शिरते तिथे गंज चढून दोन्ही एक झाल्या आहेत. मी हँडलवर दोन्ही हात ठेवले. लोखंड इतकं गार होतं की तळहात चिकटल्यासारखे वाटले. सगळा भार टाकला. आता माझा भार तरी कितीसा. चिमटा हलला नाही. गेल्या वर्षी हलला नव्हता, त्याच्या आदल्या वर्षीही नाही.

आत आले. ह्यांचे डोळे दाराकडेच लागले होते. पांघरुणातून डावा हात बाहेर आलेला होता.

"दबते काय?"

"नरम हाय," मी म्हटलं. "चांगला दबते."

ह्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. मी त्यांचा हात पांघरुणात घातला, आणि तेलाची बाटली उन्हात ठेवायला अंगणात गेले. ऊन अजून आलं नव्हतं.